पट्टीच्या पलीकडे मुकुंदमामा

कुंभकोणमात पापनाशमच्या रस्त्यावर आमच्या मुकुंदमामांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकतीस वर्षांत मामांनी हजारभर लोकांना गाडी शिकवली आणि त्यांतल्या एकालाही चाळिसाच्या वर काटा नेऊ दिला नाही. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. सुंदरपेरुमाळ कोयिलजवळ एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं, तेव्हा मामा शेजारून शांतपणे म्हणाले होते, "जाऊं दे. त्यास घाई असेल."

अशा माणसाला जावयानं वाळवंटातली दोन आठवडे चालणारी आंतरराष्ट्रीय मोटारशर्यत दाखवायला न्यायचं ठरवलं.

जावई विघ्नेश रियाधला नोकरीला. मामांची मुलगी नित्याही तिथंच. विघ्नेशला गाड्यांचं वेड आणि त्यातही शर्यतीतल्या त्या अजस्र ट्रकांचं. घराच्या उंचीचे ट्रक वाळूच्या टेकडीवरून उड्या मारत येतात, हे तो देवाचं वर्णन करावं तसं सांगायचा. चार वर्षं त्याला रजा मिळाली नव्हती. यंदा जानेवारीत मिळाली, आणि नेमके त्याच वेळी सासूसासरे पोंगलचं गोड करून रियाधला पोचले. त्यांना घरी ठेवून जाणं त्याच्या जिवावर आलं. चांगुलपणा माणसाला कुठं नेतो ते पुढं कळेलच.

रियाधात पहिल्याच दिवशी मामा गाडीचा डावा दरवाजा उघडून ऐटीत बसले. एकतीस वर्षं शिकवणारा म्हणून ते डावीकडेच बसत आलेले. पुढ्यात स्टिअरिंग दिसलं तेव्हा त्यांनी विघ्नेशकडे असं पाहिलं, की जणू सगळा देश त्यांना न विचारता उलटा बसवला गेला. मग उजवीकडे बसले. तिथं त्यांच्या शाळेच्या गाडीत असतो तसा शिक्षकाचा जादा ब्रेक नव्हता, तरी ते दर वळणावर पाय दाबत राहिले.

शर्यत बघायला जायच्या दिवशी उजाडताच चौघं निघाले. चार तासांचा रस्ता. विघ्नेश एकशेवीसनं चालवत होता आणि मामांचा पाय रबराच्या पायपुसण्यावर.

"मामा, तिथं ब्रेक नाही," विघ्नेश म्हणाला. सासऱ्यांना जावयानंही मामाच म्हणायचं, ही आमच्याकडची रीत.

"ठाऊक आहे. पायास ठाऊक नाहीं."

आमची तंजावरची मराठी अशीच. पुण्याच्या माणसाला ती ऐकताना बखर वाचल्यासारखी वाटते.

प्रेक्षकांची जागा म्हणजे वाळूच्या उतारावर लाल-पांढरी पट्टी ताणलेली आणि तिच्यामागं शेदोनशे माणसं. मनगटावर कागदी कडं बांधून आत सोडत होते. जयलक्ष्मीमामींनी चटई अंथरली, पुळियोदरै म्हणजे चिंचभाताचा डबा उघडला, कॉफीचा थर्मास काढला. मग वाट पाहणं सुरू झालं. जगभरातून माणसं एवढा खर्च करून येतात आणि वाळूकडे बघत बसतात, हे मामांना फार आवडलं. "यापेक्षां पट्टीश्वरमास गेलों असतों तर दर्शन तरी झालें असतें," असं त्यांनी तीनदा सांगितलं.

अखेर हेलिकॉप्टर आलं आणि त्याच्यामागून मोटारसायकली. एक आवाज, एक धुराळा, संपलं. मामांनी प्रत्येकाची परीक्षा घेतली.

"सिग्नल न देतां वळला. नापास."

"बाबा, इथं सिग्नल देतात का?" नित्या म्हणाली.

"म्हणूनच सगळ्यांस डोक्यावर मडकें घालावें लागतें."

मामी मात्र उठून पट्टीपर्यंत गेल्या होत्या आणि पदराची टोकं कानांवर धरून एकटक बघत होत्या.

साडेअकराच्या सुमारास कॉफीनं आपलं काम केलं. मामांना मधुमेह, आणि तिथं आडोशाला झाड म्हणून नाही. प्रेक्षकांसाठीची सोय पाऊण किलोमीटर मागं होती. पुढं पट्टीच्या पलीकडे वीस पावलांवर एक छान टेकडी होती. ज्या माणसानं स्टॉपच्या पांढऱ्या रेघेवर चाक टेकलं म्हणून माझी परीक्षा दोन महिने लांबवली होती, तो माणूस इकडंतिकडं बघून पट्टीखालून वाकून गेला.

टेकडीमागं मामा उभे राहतात न राहतात, तोच माथ्यावर शर्यतीतली एक गाडी आली.

ती थेट त्यांच्या अंगावर येत नव्हती, पण तिच्या वाटेत ते होते. पांढरी वेष्टी नेसलेला, हात भलत्याच कामात गुंतलेला एक म्हातारा बघून चालकानं गाडी डावीकडे काढली. डावीकडे भुसभुशीत वाळू होती. नाक खुपसून गाडी थांबली.

शेजारी बसणारा माणूस फावडं घेऊन उतरला. चालकानं शिरस्त्राण काढलं, तर ती पन्नाशीची बाई निघाली. पिकलेल्या केसांची वेणी, लालबुंद चेहरा. ती जे बोलली त्यातला एकही शब्द मामांना कळला नाही आणि सगळं कळलं. मामांनी आधी वेष्टी सावरली, मग हात जोडले.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागले. बाईनं पुन्हा गाडी चालू करून पाहिली. चाकं जागच्या जागी फिरत खाली जाऊ लागली, तशी मामांच्या तोंडून वर्गातली गर्जना निघाली, "निरुत्तु!" म्हणजे तमिळमध्ये थांबव. गाडी थांबली. मामांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा क्षण. नित्या म्हणते, बाई थांबली ती फावडेवाल्याचा हात वर गेला म्हणून. नित्या तेवढ्यात धापा टाकत तिथं पोचली होती, त्यामुळं तिचं खरं मानावं लागतं.

अकरा मिनिटांनी गाडी निघाली. बाईनं जाताना हात हलवला. निरोपाचा होता की कसला, यावर मतभेद आहेत.

त्यानंतर एक सौदी स्वयंसेवक अतिशय सभ्यपणे आला. त्यानं चौघांच्याही मनगटांवरची कडी कापली आणि त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. ट्रक यायला अजून दीड तास होता.

परतीचाही रस्ता चार तासांचाच. काटा शंभरावर, मामांचा पाय मात्र पहिल्यांदाच स्थिर. मध्येच मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ट्रक पाहणें होते मज." मामा म्हणाले, "घरीं टीव्हीवर पाहूं." विघ्नेश दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या संध्याकाळी मामा त्याच्यापाशी जाऊन बसले.

"त्या बाईचा कितवा नंबर, तें त्या यंत्रांत दिसतें काय?"

विघ्नेशनं फोन उघडला. गाडी रुतली त्या दिवशी सकाळी अठ्ठावन्नावी होती, संध्याकाळी एकाहत्तरावी झाली. मामा रोज विचारू लागले. एकोणसत्तर. सहासष्ट. शर्यतीच्या नवव्या दिवशी गिअरबॉक्स मोडून ती बाहेर पडली. "त्याचा तुमच्याशी संबंध नाही, मामा," विघ्नेशनं समजावलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

कुंभकोणमला परतल्यावर मात्र भूक चांगली लागली. एका ओळखीच्या वार्ताहरानं विचारलं, मामांनी जेवढं सोयीचं तेवढं सांगितलं, उरलेलं त्यानं घातलं. 'वाळूत रुतलेली परदेशी गाडी कुंभकोणमच्या शिक्षकानं काढली.' कात्रण चौकटीत बसलं आणि शाळेच्या भिंतीवर लागलं. टेकडीमागं मामा कशासाठी गेले होते, त्याचा त्यात उल्लेख नव्हता. प्रवेश वाढले. मीही सगळ्यांना सांगत हिंडलो.

मे महिन्यात नित्या-विघ्नेश सुट्टीवर आले. विघ्नेश शाळेत गेला, कात्रण सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "छान छापलंय." एवढंच. तो भांडला असता तर मामांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. मामांनी फळ्यावर टेकडी काढली, गाडी काढली, पट्टी काढली आणि पट्टीच्या पलीकडे एक फुली.

"ही फुली म्हणजे मी," ते तमिळमध्ये म्हणाले. "गाडी मी काढली नाही. माझ्यामुळं रुतली." आणि लघवीसकट सगळं सांगितलं. विघ्नेश दारात उभा होता. त्याच्याकडे वळून ते मराठीत म्हणाले, "तुमचे ट्रक म्यां घालवले. क्षमा असावी."

विघ्नेश गडबडून "असू दे, असू दे" म्हणाला. मुलं टाळ्या वाजवू लागली. सर किती विनयशील आहेत, असंच त्यांना वाटलं. लावण्या नावाची एक विद्यार्थिनी तर म्हणाली, "सर, तुम्ही नसता तर त्या बाईंचं काय झालं असतं!" मामांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या जानेवारीतल्या शर्यतीची तिकिटं विघ्नेशनं तिथंच बसून काढली. तीन. नित्या, तो, आणि मामी. मामींनी पिशवी भरायला नोव्हेंबरातच घेतली. त्यात वाळूचे गॉगल होते आणि थर्मास नव्हता.

"आणि मी?" मामांनी विचारलं.

"तुम्ही वर्ग घ्यावा," मामी म्हणाल्या. "मज या खेपेस ट्रक पाहणें आहेत."