चार चाकांवरची चूल

चहा घ्या, पण कप बशीत ठेवून ऐका. माझी अक्कल एकदा भर वस्तीत कशी उघडी पडली ते सांगतोय, आणि हा किस्सा ऐकताना आजवर दोन जणांना ठसका लागलाय!

तेव्हा मी ठाण्याला एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायचो. दुसऱ्यांच्या बंगल्यांचे! स्वतः राहायचो डोंबिवलीत, थोरल्या भावाच्या दोन खोल्यांत. माणसं नऊ. लग्नाला दीड वर्ष झालेलं आणि आमची सुशीला झोपायची स्वयंपाकघरात, वहिनी आणि पिठाच्या डब्यांच्या मधे. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर विहिरीवर पाणी आणायला जायचं. घरात पाणी मात्र कधी कमी पडलं नाही!

तुम्ही म्हणाल, दुसरी जागा बघायची. अहो, जागा होती! गावाबाहेर आमचा एक चिंचोळा प्लॉट होता. पण घराला सिमेंट लागतं, सिमेंटला परमिट लागतं, आणि परमिटाला काय लागतं ते मला कुणी सांगितलंच नाही.

त्यात सासरे. अण्णा कल्याणचे, निवृत्त मास्तर, शब्दाचे पक्के आणि वास्तुशास्त्राचे त्याहून पक्के. होकायंत्र घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जेवायला बसत नसत. दिवाळीला त्यांनी मुलीची पिठाच्या डब्यांतली गादी पाहिली आणि तिथल्या तिथे निकाल दिला.

“जावईबापू, वैशाखातल्या मुहूर्ताला स्वतंत्र बिऱ्हाड दिसलं पाहिजे. नाही तर मी सुशीलेला घेऊन जातो. सिमेंट मिळालं की न्यायला या.”

सिमेंट मिळालं की! म्हणजे मी म्हातारपणी काठी टेकत बायको आणायला जायचं?

विहिरीवर सुशीला म्हणाली, “अहो, मला बंगला नको. पत्र्याचं चालेल. एक चूल हवी, माझी एकटीची.”

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला.

कल्याण कॅम्पात लढाईतल्या जुन्या गाड्यांचा लिलाव चालायचा. तिथून मी एक मालाची व्हॅन उचलली. मागे पत्र्याचा बंद डबा, चांगला बारा फुटी, आणि आत कांद्याचा वास. भाऊ म्हणाला, “अरे, बायकोला काय पोत्यात भरून ठेवणार आहेस?” मी लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसांना सुरुवातीला लोक हसतातच.

गाडी नेली माजिवड्याला, धर्मा पाटलाच्या खळ्यात. धर्माने लढाईत लष्कराचे ट्रक हाकले होते, आता भात पिकवायचा. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने सांगितलं, “सायेब, इंजान बेस हाय. पन पाठचा गेर मेलाय. गारी पुरं जाल, पाठी नाय जायाची. पाठी जावाचं काम परलं, त मानसं लावा.”

“मला मागे जायचंच नाही, धर्मा!” मी छाती काढून म्हणालो. कसलं वाक्य टाकलंय बघा!

मग सहा महिने प्रत्येक रविवारी मी आणि एक सुतार. अण्णांनी कल्याणहून यादी पाठवलेली. चूल आग्नेयेला. देव ईशान्येला. झोपताना डोकं दक्षिणेला, चुकूनही उत्तरेला नाही. दार पूर्वेला. नकाशे काढणाऱ्याला आणखी काय हवं? मी खळ्यात होकायंत्र ठेवलं, गाडीच्या छतावर खडूने दिशा आखल्या आणि एकेक वस्तू जागच्या जागी स्क्रूने पक्की केली. मागच्या दारातून शिरताना डाव्या हाताला चूल, उजव्या हाताला देव्हारा. मधे आडवा पलंग, दिवसा दुमडला की बसायचं बाक. पुढे केबिनमधला पत्रा कापून आतूनच वाट केली, ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथे पाण्याचं पिंप. ड्रायव्हरकडच्या दारावर आतून मसाल्यांच्या डब्यांचं फडताळ ठोकलं आणि ते दार कायमचं बंद करून टाकलं. एक इंच जागा वाया नाही! आत-बाहेर करायचं ते मागच्या दाराने, म्हणजे पूर्वेने. सूतभर फरक नाही. सुतार म्हणाला, “तुमच्यासारखा काटेकोर माणूस पाहिला नाही.” मी मान्य केलं.

मुहूर्ताच्या सकाळी मी स्वतः गाडी हाकत मुंब्रा, शीळ करत डोंबिवलीत आणली. काय तो थाट! पोरं मागे धावतायत, बायका ओट्यावर आल्यायत. प्लॉटच्या पश्चिमेला गल्ली, पूर्वेच्या टोकाला जुनी विहीर. गल्लीतून मी थेट तोंडानेच आत घुसलो आणि ऐटीत ब्रेक मारला. आख्खी आळी जमलेली. सुशीलेने मागच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि तिचे डोळेच भरले. त्या एका क्षणासाठी मी अशा दहा व्हॅन बांधल्या असत्या.

आणि अण्णांनी खिशातून होकायंत्र काढलं.

ते आत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले. मग शांतपणे म्हणाले, “जावईबापू, चूल वायव्येला आहे.”

“शक्यच नाही!”

“देव नैर्ऋत्येला आहेत.”

“अहो अण्णा, मी स्वतः…”

“आणि माझी मुलगी उत्तरेला डोकं करून झोपणार आहे. गाडी खळ्यात कुठे तोंड करून उभी होती?”

“पश्चिमेला.”

“आणि आता?”

आता पूर्वेला! सहा महिने मी सूतभर फरक पडू दिला नव्हता. गाडीला चाकं असतात, ती वळते, तिच्याबरोबर चूलही वळते, एवढी एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती! आळीतली शाळकरी पोरंसुद्धा हसायला लागली.

अण्णांनी घड्याळ बघितलं. “मुहूर्त सव्वाअकरापर्यंत. दुसरा मुहूर्त आता थेट मार्गशीर्षात.” आणि सुशीलेकडे वळून म्हणाले, “बॅग भर, बाळ.”

सुशीलेचा चेहरा पडला.

“थांबा! फिरवू गाडी!” मी ओरडलो.

फिरवू म्हणजे कशी? मागचा गियर मेलेला! मग धर्माने सांगितलं होतं तेच: मानसं लावा. भाऊ, शेजारी, पोस्टमन, आलेला भटजीसुद्धा! सगळ्यांनी रेटून गाडी गल्लीत काढली. मैदानापर्यंत जाऊन मी ती वळवली, पुन्हा प्लॉटच्या तोंडाशी आणली. अकरा वाजून पाच मिनिटं. आता शेपटीकडून आत ढकलायची.

“मी आत जाते,” सुशीला म्हणाली. “गाडी जागेवर जाईपर्यंत दूध तापेल.” गृहप्रवेशाचं दूध उतू जायला हवं ना! ती मागच्या दाराने चढली, चुलीच्या जागचा स्टो पेटवला, पातेलं ठेवलं. मीही तिच्यामागून चढून पुढे जायचं, स्टिअरिंग धरायचं, हे काय सांगायला हवं? पण मी इरेला पेटलेलो. बाहेर उभा राहूनच खिडकीतून स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला.

“लावा जोर!” भाऊ ओरडला.

वीस जण गाडीच्या नाकाला भिडले. अण्णा होकायंत्र हातात धरून बाजूने चालत होते आणि ओरडत होते, “आणखी! आणखी! आली आग्नेय, आली!” गाडीने असा वेग घेतला की कुणाला आवरेना. धाड! गाडी कशावर तरी आपटून थांबली आणि आतून सुशीला किंचाळली, “उतू गेलं! दूध उतू गेलं!”

अकरा वाजून बारा मिनिटं! भटजीने तिथल्या तिथे नारळ फोडला. टाळ्या, शिट्ट्या! अण्णांनी होकायंत्र मिटलं आणि चक्क मला मिठी मारली. “वास्तू बसली! मुलगी सुखात राहील.” आयुष्यात मी इतका मोठा कधीच झालो नव्हतो.

पेढ्यांची पुडी घेऊन रुबाबात मागच्या दाराकडे गेलो. मागे ती विहीर होती. विहिरीचा कठडा दाराला टेकलेला. दार दोन बोटंसुद्धा उघडेना!

“पुढे ओढू या हातभर,” भाऊ म्हणाला.

“खबरदार!” अण्णा गरजले. “दूध उतू गेलंय, नारळ फुटलाय. आज सूर्यास्तापर्यंत वास्तू हलणार नाही.”

पुढचं एक दार फडताळाने बंद, दुसऱ्यापुढे पाण्याने भरलेलं पिंप. ठोकणारा कोण? हाच काटेकोर माणूस! उरली ड्रायव्हरची खिडकी.

धोतराचा काचा मारला आणि घुसलो. अर्धा आत गेलो आणि पोटाशी अडकलो. पोस्टमनने पाय धरून ढकललं. हळदीचा डबा डोक्यावर पालथा झाला, आणि पेढे, हळद नि मी, तिघेही एकदमच सुशीलेच्या चुलीसमोर पोचलो.

ती आपल्या चुलीपुढे पाटावर बसलेली. उतू गेलेलं दूध पुसून झालेलं, चहाचं आधण ठेवलेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पदर सावरला आणि कुणी परका पाहुणा आल्यासारखं, अगदी गृहिणीच्या थाटात म्हणाली,

“या, बसा. चहा टाकलाय. पण आमच्या ह्यांच्याकडे काम असेल तर थांबावं लागेल हं, ते अजून दार शोधतायत.”