एक नंबरच्या ड्रममधलं पाणी

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता माझे वडील घरी, झोपेत गेले. त्या वेळी घरात दोनशे ऐंशी लिटर पाणी साठवलेलं होतं. नळाला पुढचं पाणी बुधवारी पहाटे येणार होतं.

पाण्याचा आकडा मला माहीत आहे, कारण तो बाबांनीच आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहिला होता. एक नंबर : नव्वद. दोन नंबर : सत्तर. तीन नंबर : एकशेवीस. बाकीचं मी त्या दिवशी फोनमध्ये केलेल्या टिपणांवरून लिहीत आहे. मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. वेळ आणि आकडा टिपून ठेवण्याची सवय तिथली.

आमचं घर जबलपूरच्या गोरखपूर भागात, एका गल्लीत, तळमजल्यावर आहे. घरात आई, बाबा आणि मी. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं, साधारण चाळीस मिनिटं. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या अंगणात तीन ड्रम मांडले, प्रत्येकाला खाली तोटी बसवली आणि बाहेरून दर दहा लिटरला पांढऱ्या रंगाची रेघ मारली. एक नंबरचं पाणी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. दोन नंबरचं आंघोळीचं आणि धुण्याचं. तीन नंबरमध्ये वापरलेलं पाणी. आम्ही आंघोळ मोठ्या टबात पाट ठेवून, त्यावर बसून करत असू. टबातलं पाणी फरशीला जाई, फरशीचं पाणी अंगणात येई. अंगणातून नालीकडे जाणारं भोक बाबांनी विटेने आणि पोत्याने बंद केलं होतं. उतार बदलून त्यांनी पाणी कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे वळवलं होतं, खड्ड्यात बादली ठेवली होती. बादली भरली की ती तीन नंबरमध्ये ओतायची. तीन नंबरचं पाणी संडासात आणि कढीपत्त्याच्या झाडाला. तांदूळ धुतलेलं पाणी मात्र थेट झाडाला जाई. त्याची नोंद होत नसे.

ही व्यवस्था झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली होती. पाण्याच्या दिवशी आमच्या नळाचा व्हॉल्व्ह अडकला आणि घरात काहीच भरता आलं नाही. बाबांनी समोरच्या घरातल्या भाभींकडे दोन बादल्या मागितल्या. भाभींनी लगेच दिल्या. दुपारी बाबा बादल्या परत करायला गेले, तेव्हा भाभी ओट्यावर बसून जेवणाची ताटं जुन्या वर्तमानपत्राने पुसत होत्या. धुवायला पाणी नव्हतं. बाबांनी रिकाम्या बादल्या ओट्याच्या कडेला ठेवल्या. घरी येऊन ते आईला म्हणाले, "आजपासून पाणी मागायचं नाही. कोणाकडेच नाही." पुढच्या उन्हाळ्याच्या आत ड्रम आले.

मंगळवारी सात वाजता डॉक्टर येऊन तपासून गेले. बाबांना हृदयाचा त्रास होता आणि चार महिन्यांपासून दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायची परवानगी नव्हती. त्यासाठी त्यांनी एक लिटरची बाटली वेगळी ठेवली होती. ती खाटेजवळच्या स्टुलावर होती. तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं.

आठच्या सुमारास आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती रडली होती, पण त्या वेळी रडत नव्हती. तिने पाटीकडे बघितलं.

"आज माणसं येतील," ती म्हणाली. "गल्लीत कोणाकडे पाणी मागायचं नाही. निदान आज तरी नाही."

मी हो म्हटलं.

आत्या नेपियर टाउनहून ऑटोने आली, तेव्हा साडेआठ वाजले होते. ती बाबांची थोरली बहीण, बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमच्या घरात लग्नकार्याचे आणि मृत्यूचे विधी तीच सांगते. माझा भाऊ नागपूरहून निघाला होता आणि दुपारपर्यंत पोहोचणार होता, म्हणून सगळं त्याच्यासाठी थांबलं.

भाऊ बारा वाजून वीस मिनिटांनी आला. बाबांना आंघोळ घालताना त्याने दोन नंबरची तोटी उघडली. आई म्हणाली, "एकमधलं घे." वीस लिटर लागलं. एक वाजून दहा मिनिटांनी बाबांना बाहेर काढलं. पुरुष नर्मदेवरच्या ग्वारीघाटाला गेले. घरात आई, आत्या, मी आणि गल्लीतल्या सहा-सात बायका राहिल्या.

ज्या घरात मृत्यू होतो, तिथे आधीचं भरलेलं पाणी ठेवत नाहीत. माणूस बाहेर नेला की माठ, हंडे, कळशा ओतून पालथ्या घालतात आणि पाणी नव्याने भरतात. आजोबा गेले तेव्हा आमच्याकडे हे झालं होतं. ते वर्ध्याजवळच्या गावी, आणि तिथे अंगणात विहीर होती.

मी पुढच्या खोलीत ऑफिसला पाठवायची निधनवार्ता लिहीत होते. मधल्या उघड्या दारांतून मागचं अंगण दिसत होतं. आत्याने माठ उचलून पायरीवर रिता केला. मग ती एक नंबरच्या ड्रमपाशी गेली आणि तिने तोटी पूर्ण उघडली. मला ते दिसलं. मी उठले नाही. वाक्य अर्धं राहिलं होतं, ते मी पूर्ण केलं. मधे किती वेळ गेला ते मी टिपलेलं नाही. दोन मिनिटांपेक्षा जास्त नसावा.

पाणी नालीत गेलं नाही. भोक बंद होतं. खड्डा आणि त्यातली बादली बाबांच्या आंघोळीच्या पाण्याने आधीच भरली होती, त्यामुळे पाणी अंगणभर पसरून मागच्या दाराच्या उंबरठ्याला लागलं. बायकांनी चपला तिथेच काढल्या होत्या. दोन-तीन तरंगायला लागल्या.

"अगं बाई, हे पाणी उलटं काहून येऊन राहिलं?" आत्या ओरडली. "नाली तुंबली का?"

"तुंबली नाही," मी बाहेर येऊन म्हटलं. "बाबांनी बंद केली आहे."

"बंद? नाली कोणी बंद करते का?"

समोरच्या भाभी चपला उचलत म्हणाल्या, "दीदी, भाईसाहब का सिस्टम है. यहाँ से एक बूंद बाहर नहीं जाती." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

तोवर आई बाहेर आली होती. तिने तोटी बंद केली. एक नंबर सत्तरवरून पंचावन्नच्या रेघेवर आला होता.

"वन्सं, मला विचारायचं होतं," आई म्हणाली.

"काय विचारायचं त्यात? हे पाणी घरात ठेवता येत नाही. तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"पाणी उद्या पहाटे येईल. आता ओतलं तर संध्याकाळी लोकांच्या दारात बादली घेऊन मला उभं राहावं लागेल. ते गेले त्याच दिवशी. तसं मी करणार नाही."

आत्या म्हणाली की लोक देतील, अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही. आई म्हणाली, "नाही म्हणत नाहीत, म्हणूनच." समोरच्या भाभी तिथेच उभ्या होत्या. त्यांना मराठी बोलता येत नाही, पण कळते. त्या थोड्या वेळाने घरी गेल्या.

आत्या पायरीवर बसली. "तो माझा भाऊ होता," ती म्हणाली. "त्याचं नीट व्हावं म्हणून मी सांगून राहिली. मला काय पाण्याचं वैर आहे?"

आई तिच्या शेजारी बसली. नंतरचं बोलणं मी जवळून ऐकलं.

"वन्सं, हे पाणी प्यायचं नाही, बरोबर?"

"बरोबर."

"रांधायचं नाही."

"नाही."

"उद्याला ठेवायचं नाही."

"तेच तर सांगून राहिली."

"आपल्या तिघींना डोक्यावरून न्हायचं आहे. घर धुवायचं आहे. त्यात आज सगळं संपवते. दिवस मावळायच्या आत ड्रम पालथे घालते. चालेल का?"

विधीत पाणी ओतायला सांगितलं आहे की संपवायला, हे आत्याला नक्की आठवत नव्हतं. तिच्या आईने ओतलं होतं, सासूने ओतलं होतं. शेवटी ती म्हणाली, "चालेल. पण एक थेंब उरता कामा नये."

"उरणार नाही."

आंघोळी एक नंबरच्या पाण्याने झाल्या, प्रत्येकीला पंधरा लिटर. आधी आई न्हाली, मग मी. आत्याला टब माहीत नव्हता.

"याच्यात बसू?"

"पाटावर बसा. मी धरते," आई म्हणाली.

"पडले तर आणखी एक तिरडी लागेल तुम्हाला." आईने तिला दंडाला धरून आत बसवलं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. पाण्याचा आवाज थांबला. मग आत्या म्हणाली, "तो दोन वर्षांचा होता तेव्हा मी त्याला घंगाळात बसवून न्हाऊ घालायची. साबण डोळ्यात गेला की सगळी गल्ली गोळा करायचा." थोड्या वेळाने पाणी पुन्हा पडायला लागलं.

तीन टबांच्या पाण्याने आम्ही बाबांची खोली आणि पुढची खोली धुतली. दोन नंबरमधल्या पाण्याने आमचे कपडे धुतले आणि उरलेल्या पाण्याने बाकीचं घर. वायपरने सगळं अंगणात आणलं, बादलीने तीन नंबरमध्ये भरलं. एक नंबरच्या तळाशी दहा लिटर पाणी राहिलं होतं. ते घाटावरून येणाऱ्यांच्या पायांसाठी दाराशी ठेवलं. साडेचारला एक आणि दोन नंबरचे ड्रम पालथे होते. आत्याने दोन्ही ड्रम हाताने वाजवून बघितले. तीन नंबर एकशेनव्वदच्या रेघेला होता. तो पालथा घालायला आत्याने सांगितलं नाही. वापरलेलं पाणी भरलेल्या पाण्यात मोजायचं की नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही.

प्यायला घरात पाणी नव्हतं. भावाने घाटावरून जारवाल्याला फोन केला. त्याच्याकडे जार शिल्लक नव्हते, उद्या देतो म्हणाला. पावणेपाचला समोरच्या भाभी वीस लिटरचा डबा घेऊन दारात आल्या. डबा त्यांच्याच घरातला होता, झाकणाला दोरी बांधलेली.

आई दारात उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही.

"आपके पास कितना बचा है?" तिने विचारलं.

"बचा है, भाभीजी."

"कितना?"

"आप मांगने आई थीं क्या? नहीं ना. मैं ला रही हूँ. इसमें आपका क्या जाता है?"

आईने डबा घेतला. "कल सुबह सबसे पहले ये भरेगा," ती म्हणाली.

"कल की कल देखेंगे. अभी लोगों को पानी पिलाइए."

पुरुष नर्मदेत आंघोळ करून पाचनंतर आले. एकोणीस जण होते. पाय धुऊन, कडुनिंबाचं पान चावून, एकेक पेला पाणी पिऊन बहुतेक जण गेले. जेवण गल्लीतून आलं. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही.

खोली आवरताना मला स्टुलावर बाटली दिसली. तळाशी पेलाभर पाणी तसंच होतं. मी ती उचलली. आत्या खाटेच्या पलीकडे बसली होती. तिने बाटली बघितली.

"ते राहू दे," आई म्हणाली. "उद्या बघू."

मी आत्याकडे पाहिलं. ती पदराने चष्मा पुसत होती. चष्मा डोळ्याला लावून ती म्हणाली, "मला आता नीट दिसत नाही," आणि तोंड भिंतीकडे करून आडवी झाली.

बुधवारी नळाला पाच वाजून पंचवीस मिनिटांनी पाणी आलं. आई त्याआधी उठली होती. तिने बाटली आणून तीन नंबरमध्ये रिकामी केली, धुऊन पालथी ठेवली. मग नळी समोरच्या घरच्या डब्यात सोडली. डबा गळ्यापर्यंत भरला, झाकण लावून दोरी बांधली आणि भावाने तो समोर नेऊन दिला. भाभी त्यांच्या नळापाशी होत्या. त्यांनी तो ओट्यावर ठेवायला सांगितलं.

त्यानंतर एक नंबर सरळ केला. तो शंभरच्या रेघेपर्यंत भरला. दोन नंबर एकशेचाळीसवर असताना, सहा वाजून तीन मिनिटांनी, पाणी गेलं. आईने पाटी पुसली आणि तीन आकडे लिहिले.