जहाजाला हॅट काढणारा म्हातारा

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या गोदीत जहाजदुरुस्तीचा सुपरवायझर होतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जहाजांचा मालक एक डॅनिश म्हातारा होता. एवढा मोठा शेठ, पण गाडीतून उतरला की आधी जहाजाकडे बघून हॅट काढायचा आणि मग आमच्याशी हात मिळवायचा. ऑगस्टच्या भट्टीतही टायची गाठ कधी सैल नाही. कठड्यावरून बोट फिरवायचा आणि गंज लागला तर नुसतं बोट आम्हाला दाखवायचा. आवाज म्हणून चढवायचा नाही.

एकदा त्याचं सगळ्यात जुनं जहाज भंगारात निघालं. भंगारात जाणाऱ्या जहाजाचं नाव आधी पुसतात. या जहाजाला त्याच्या वारलेल्या बायकोचं नाव होतं. आम्ही त्यावर काळा रंग मारला, पण वेल्डिंगची लोखंडी अक्षरं रंगाखालूनही उठून दिसत होती. म्हटलं, असू दे, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल.

तो आला आणि बघत राहिला. "अजून वाचता येतंय," म्हणाला. "ग्राइंडर लावा."

आमचे रत्नागिरीचे फोरमनचाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "अरे भाऊ, घरवालीचं नाव हाय ना ते! एकदा विचार तरी."

मी चाचरत विचारलं, "हे तुमच्या बायकोचं नाव ना?"

"हो," तो शांतपणे म्हणाला. "म्हणूनच नीट घासा."

मी चाचांकडे बघितलं. शेवटी चाचांनीच "यल्ला, चला" म्हणून माणसांना खूण केली. शेवटचं अक्षर सपाट होईपर्यंत म्हातारा उन्हात उभा होता. मग वळला आणि गाडीत बसला.

हॅट डोक्यावरच होती.