म्हशीच्या फोनची बॅटरी बदलायला सांगलीला

आमच्या म्हशीला फोन लागतो. हसू नका. मालक गेल्यावर गंगी माझ्या हाताला पान्हाच सोडीना. मालक धार काढताना तिला लाडीगोडी लावायचे, त्याचं पोरानं एकदा माझ्या फोनवर रेकॉर्डिंग केलं हुतं. ते लावलं, आन बया दुधाला आली! तवापास्नं दोन्ही येळंला फोन गोठ्यात.

पर हल्ली फोन निम्म्या धारंतच मान टाकायचा. परवा फुगला, आन पुरताच बंद. दोन धारा तुटल्या. अशानं म्हैस आटती. वडूजचा दुकानदार म्हनला, "आजी, नवा घ्या." नवा घीन, पर त्यात मालकाचा आवाज कुठनं आणू? शेजारणीच्या फोनवर पोरगा पुण्यास्नं म्हनला, "सांगलीत एक आण्णा हायेत, जुनं फोन उघडत्यात. आजच जा."

सकाळची एस्टी धरली. मायणीवरनं विटा, तिथं गाडी बदलायची, मग तासगाव, सांगली. जाताना उजवी खिडकी धरा, ऊन लागत न्हाई. बायकांना अर्धं तिकीट.

कंडक्टर म्हनला, "कुठं निघाला आजी?"

"बॅटरी बदलायला."

"तुमची व्हय?"

"माझी ठणठणीत हाय रं. तुझी बघ, सकाळी सकाळी जांभया द्यायलायस."

विट्याला स्टँडवर चा आन गरम भजी खाल्ली. तासगावपास्नं दोन्ही अंगाला द्राक्षाच्या बागा. डोळं निवलं.

आण्णांचं दुकान स्टँडमागच्या बोळात, एवढंसं. फोन हातात घिऊन त्यांनी इचारलं, "मावशी, चार्जिंगला कुठं लावता?"

"चुलीजवळच्या फळीवर. रातभर. धूळ बसू ने म्हनून वर फडकं टाकती."

"आवं, बॅटरी हाय का भाकरी? झाकून ठिवायला?"

त्यांनी फुगलेली बॅटरी हळूच काढली, नवी बसवली. फोन लागंपतूर माझा जीव टांगणीला. लागला! आवाज बघायला आण्णांनी रेकॉर्डिंग लावलं. "सोड गं माझी लाडाची रानी, सोड..."

एक गिऱ्हाईक म्हनलं, "मावशी, मालकांचा लय जीव हुता तुमच्यावर."

"माझ्यावर न्हाई बाबा. ही म्हैस हाय."

हसून हसून आण्णांच्या डोळ्याला पानी. रेकॉर्डिंग त्यांनी पोराला बी धाडलं. वर म्हनले, "शंभर टक्क्याचा हट्ट सोडा. ऐंशीला काढा, ईसच्या खाली जाऊ दिऊ नका, चुलीपास्नं लांब. बॅटरी अजून दोन-तीन वर्सं कुठं जात न्हाई." खर्च नव्या फोनापुढं काहीच न्हाई. तुमचा फोन फुगला तर दाबू नका, चार्जिंगला बी लावू नका, सरळ उघडणाऱ्याकडं न्या.

येताना भडंग बांधून घेतलं. दिवस कलता घरी पोचले.

गोठ्यात फोन लावला. गंगीनं कान टवकारलं, आन पान्हा सोडला. चरवी भरली. एरवी धार झाली की मीच बंद करायची, हल्ली तर फोनच आधी मरायचा, त्याचा शेवट कदी ऐकलाच न्हवता. आज हात गुतलेलं, फोन चालूच ऱ्हायला. फोनातनं मालक घराकडं तोंड केल्यागत वरडले, "अगं, झाली धार. चा टाक. आन तुला बी टाक, नुस्तं मला दिऊन उभी ऱ्हाऊ नगं."

गंगीनं बी मान वळवली. तिला म्हनलं, "तू गप. हे माझं हाय."