नामदेव फायरमनचं तोंड

चार जुने रेल्वेवाले एका ठिकाणी बसले, की किस्से काढावे लागत नाहीत, आपोआप निघतात. एकानं सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, माझा ऐक!" वाफेच्या इंजिनांच्या काळात मी दौंडच्या शेडमध्ये फिटर होतो. तेव्हाचे आमचे निम्मे किस्से एकाच माणसाच्या तोंडाचे आहेत. हसवायला म्हणून सुरू करतो आणि मध्येच कुठंतरी हसू थांबतं. तरी सांगतो.

नामदेव फायरमन मांडवगण फराट्याचा. आबांचा एकुलता एक मुलगा. इंजिनाच्या भट्टीत कोळसा मारायचा आणि त्याच फावड्यावर निखारा घेऊन बिडी पेटवायचा. काडेपेटी म्हणून त्यानं कधी विकत घेतली नाही! आमच्या शेडमध्ये एक पक्की समजूत होती. फायरमनच्या छातीत कोळसा साठतो आणि बिडीचा धूर तो खोकून बाहेर काढतो. म्हणजे बिडी हे औषधच! हे औषध नामदेव दिवसभर घ्यायचा. पंचविशीतच त्याचे ओठ काळे पडले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, गाल आत गेले आणि कपाळावर नांगरल्यासारख्या रेघा उमटल्या.

*

मुलगी बघायला खुटबावला गेलो होतो. नामदेव, आबा आणि मी. आबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. पाठ ताठ, मिशा काळ्याभोर. मुलीच्या मामानं घोंगडी अंथरली, सगळ्यांत आधी नामदेवला हाताला धरून बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि अदबीनं विचारलं, "आन् नवरदेव मागनं येतूया व्हय?"

नामदेव म्हणाला, "आलाय की! वळखा बगू!"

मामानं माझ्याकडं बघितलं. मग आबांकडं!

तरीही लग्न जमलं, कारण रेल्वेची नोकरी होती. मुलीचं नाव सखू.

*

शेडबाहेर लिंबाखाली एक न्हावी बसायचा. नामदेवची दाढी करताना तो त्याला गालात सुपारी धरायला लावायचा. गाल फुगल्याशिवाय वस्तरा चालायचाच नाही. एके दिवशी न्हावी म्हणाला, "नामदेवराव, आता एका सुपारीनं भागत न्हाई. खड्डा वाढलाय!"

आम्ही खो खो हसलो. नामदेवही हसला. हसता हसता त्याला खोकला लागला. न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत तो उगाच धार लावायच्या पट्ट्यावरून हात फिरवत बसला.

*

जोसेफमामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. मूळचे शिरूरचे, माझ्याच चर्चमधले, बिडीला कधी न शिवलेले. नामदेवला त्यांनीच हाताखाली तयार केला होता. एकदा ते आरशाचा तुकडा घेऊन आले, नामदेवच्या गालाला गाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बघ नीट. मी तुझ्या बापाच्या वयाचा. तूही त्याच भट्टीपुढं आन् मीही त्याच भट्टीपुढं. कोण म्हातारा दिसतो?"

नामदेवनं आरसा परत दिला. "मामा, तुमचा कोळसा छातीतच हाय अजून. दिसत न्हाई, येवढंच!"

मामांनी कपाळाला हात लावला.

*

कवठे येमाईच्या जत्रेत नामदेव सखूला बांगड्या भरायला घेऊन गेला. कासारानं तिचा एक हात भरला, दुसरा हातात घेतला आणि नामदेवला म्हणाला, "बाबा, लेक गोरीपान हाय तुमची. हिरव्याच शोभत्यात. जावईबापू न्हाई आलं?"

सखूनं हात ओढून घेतला आणि सरळ एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. एकाच हातात बांगड्या घालून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पीठ मागायला आली तेव्हाही दुसरा हात रिकामाच होता. तिच्याकडं बघून मला फार वाईट वाटलं.

*

मग एक नवे साहेब आले. नामदेवला बघून भडकले. "हा माणूस अजून नोकरीत कसा? वय खोटं लावलंय यानं!" झालं, नोकरी जायची पाळी आली. साक्षीला आबांना मांडवगणहून बोलावलं. रेल्वेच्या डॉक्टरांनी बापलेकाला शेजारी उभं केलं. नामदेवचं तोंड उघडायला लावलं, खालची पापणी ओढून बघितली, छातीला नळी लावली.

"वय खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "तोंड खोटं बोलतंय. बिडीनं याच्या कातडीला जाणारं रक्त तोडलंय. आणि जे वर दिसतंय, तेच आतही चाललंय."

नोकरी वाचली! आम्ही पेढे वाटले. आबांनी मात्र पेढा हातातच धरला आणि जोसेफमामांना बाजूला घेतलं.

"जोसेफराव, नोकरी गेली तरी चालंल. माझ्या नाम्याला वाचवा. म्या त्याच्या खांद्यावर जायचा हाय. त्यो माझ्या न्हवं."

*

आबांचं ते बोलणं नामदेवच्या कानावर गेलं. त्यानं खिशातलं बिडीबंडल आमच्यादेखत भट्टीत टाकलं. आबा दौंडलाच मुक्कामाला राहिले आणि सखू पुन्हा हसायला लागली.

पण बिडी सुटल्यावर खोकला उलट वाढला. काळा बेडका पडायला लागला. आता हे बरं होण्याचं लक्षण आहे, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते. पण ऐकतो कोण? शेडमध्ये बोंब उठली, "नामदेवचा कोळसा चढला!" आमच्यातल्याच एका फायरमननं फावड्यावर निखारा आणला, बिडी पेटवली आणि स्वतःच्या हातानं नामदेवच्या ओठांत दिली.

"वढ बाबा, वढ! न्हाईतर मरशील!"

आणि नामदेवनं ओढली. जोसेफमामांनी टोपी जमिनीवर आपटली आणि निघून गेले.

*

पुढं गालात आतून पांढरा चट्टा आला, मग जखम. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं अर्धा गाल कापून काढला. घरी आल्यावर तो उपरणं तोंडाला गुंडाळूनच बसायचा. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "न्हाव्याला सांगा, सुपाऱ्या ठेवून दे म्हनावं. गालच न्हाई आता!"

मी हसलो नाही. त्यालाच वाईट वाटलं.

*

नामदेव गेला तेव्हा चाळिशीसुद्धा झाली नव्हती. भीमेच्या काठावर सगळी शेड जमली होती. त्याच आठवड्यात बदलून आलेले आमचे नवे फोरमनही रीतीप्रमाणं आले. त्यांना घरचं कुणीच माहीत नव्हतं. त्यांनी तिरडीवरचं तोंड बघितलं, हात जोडले, आणि बाजूला ताठ बसलेल्या आबांजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "मोठे भाऊ का तुमचे?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. जोसेफमामा काहीतरी सांगायला पुढं झाले. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"व्हय सायेब," आबा म्हणाले. "थोरला हुता. म्होरं गेला."