दोन थरांमधला दगड

सांगलीत विश्रामबागेला एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथं कोळशाच्या खाणींचे आराखडे तयार होतात, हे खाली गोळ्या घ्यायला येणाऱ्यांना सांगूनही पटत नाही. सांगली-साताऱ्यात कुठंही खणा, काळा पाषाण लागेल, कोळसा नाही. पण ऑफिसचे मालक हंबीरराव, मूळचे कुंडलचे, यांनी सगळी नोकरी चंद्रपूर-यवतमाळकडच्या खाणींत काढली होती. मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यावर ते गावाकडं परतले. खाण नवी काढायची असो की जुनी आणखी खोल न्यायची असो, आधी आराखडा लागतो, मग एकामागून एक परवानग्या. ते काम ते करून देऊ लागले.

सोनम तिथं नोकरी मागायला आली तेव्हा तिला खाणीतलं काहीच माहीत नव्हतं. कवठे महांकाळजवळच्या वाडीत वाढलेली मुलगी. वडील बिरदेव मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले, आता थोडी द्राक्षबाग सांभाळणारे. गावात विहीर खणायला काढली की सोनम काठावर पालथी पडून बघत बसायची. आधी मुरूम, मग मऊसर मांजऱ्या दगड, मग पाषाण. "खाली पडशील गं," म्हणून आई दगडाबाई तिला ओढून न्यायची. पुढं तिनं मिरजेत सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकली.

"रस्ते-पूल सोडून हिकडं कशी?" हंबीररावांनी विचारलं.

"जमिनीच्या आत काय असतं ते बघायला मिळंल म्हणून."

हंबीरराव हसले. "बघायचं राहू दे. बाईमाणसाला खाणीत उतरायची कायद्यानं बंदी हाय. नकाशा काढायला मात्र न्हाई."

आणि सोनम न पाहिलेल्या खाणीचे नकाशे काढू लागली. तिच्याकडं आलेलं पहिलं मोठं काम दोन थरांच्या खाणीचं होतं. वरच्या थरातला कोळसा पूर्वीच काढलेला. आत बोगदे, आणि छत पेलायला मध्ये राखलेले कोळशाचे खांब. आता खाणीच्या मालकांना खालचा थर काढायचा होता. दोन थरांमध्ये दगड होता, कुठं जाड तर कुठं पातळ. जिथं तो पातळ तिथं खालचा खांब बरोबर वरच्या खांबाखालीच यायला हवा. नाहीतर वरच्याचं ओझं खालच्या पोकळीवर येणार. सोनमनं वरचा थर तांबडा दाखवला, खालचा निळा, आणि खांबाखाली खांब बसवत गेली. उत्तरेकडच्या एका कोपऱ्यात दगड फारच पातळ होता.

"सर, वरचे खांब खरंच असे चौकोनी हायत?"

"नकाशात हायत."

"आन खाणीत?"

हंबीररावांनी चष्म्यावरून बघितलं. "राखले तवा होते."

हे उत्तर सोनमच्या मनातून जाईना. जाऊन बघायचं तर कायदा आडवा. हंबीररावांचे गुडघे गेलेले, त्यांना उतरणं झेपत नव्हतं.

तेवढ्यात २०१९ साल उजाडलं आणि नियम बदलला. तांत्रिक काम करणाऱ्या बायकांना खाणीत उतरायला मोकळीक मिळाली. हंबीररावांनी सकाळचा पेपर तिच्यासमोर टाकला. "घे. आता जा आन बघून ये."

घरी दगडाबाईंनी कपाळाला हात लावला. "जमिनीच्या पोटात? आगं कशाला?"

"बघाया, आये."

दगडाबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "मग नीट बघ. आन आल्यावर मला सगळं सांग."

खाणीवर आधी तिला प्रशिक्षण घ्यावं लागलं. मग एका सकाळी फोन आणि घड्याळ वर ठेवून, डोक्यावर दिवा लावून ती खाणीच्या सर्व्हेअरबरोबर उतरत्या बोगद्यात शिरली. थोडं आत गेल्यावर ती थबकली. भिंती पांढऱ्या होत्या.

"हे काय?"

"चुनखडीची पूड," सर्व्हेअर म्हणाला. "कोळशाच्या धुळीनं पेट घेऊ नये म्हणून मारतो. सगळे नवे लोक इथंच थांबतात."

वरच्या थरात उत्तरेच्या कोपऱ्यात पोचल्यावर तिला तिचे खांब दिसले. चौकोनी नव्हतेच ते. कडा ढासळलेल्या, पायाशी कोळशाचे ढीग, अंग मध्ये बारीक झालेलं. तिनं आणि सर्व्हेअरनं टेप धरून मापं घेतली. मग सर्व्हेअरनं तिला बोलायचं थांबवलं. लाह्या फुटाव्यात तसा बारीक तडतड आवाज येत होता.

"खांब भार घेतोय," तो म्हणाला.

सोनमला भीती वाटली, पण पाय निघेना. ती ऐकत राहिली.

वाडीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा पांढऱ्या भिंतींचं सांगितलं. दगडाबाईंचा विश्वास बसेना. "कोळशाची खाण, आन पांढरी? काय बी सांगतीस!"

ऑफिसात मात्र वाद झाला. सोनमचं म्हणणं, खालच्या थरातला तो कोपरा काढायचाच नाही. हंबीररावांना खालचे खांब जाड ठेवून भागेल असं वाटत होतं. खाणमालकांचा माणूस तर फोनवर चिडलाच. सोनमनं दोन्ही नकाशे काढले, नवी मापं घालून दोन्हींचा भार मोजला आणि ते शेजारी शेजारी ठेवले. हंबीररावांनी दोन्हींवरचे आकडे बोट ठेवून एकेक तपासले. शेवटी म्हणाले, "सोडू या कोपरा. सही माझी हाय, झोप बी माझी हाय."

परवानगी सहज मिळाली नाही. खाण सुरक्षेच्या सरकारी कार्यालयानं प्रश्न पाठवले, अधिकारी जाऊन पाहून आले, वरच्या थराच्या सखल भागात साठलेलं पाणी आधी उपसा म्हणाले. वर्ष उलटलं. अखेर मंजुरी आली, तो कोपरा सोडूनच.

ऑफिसात पेढे आले. सोनमनं अर्धा खाल्ला आणि हातातच धरला.

"काय गं?"

"सर, तो कोपरा काढला असता तर खरंच खचला असता का वो? का टिकला असता?"

"मला न्हाई म्हाईत."

"आता कवाच कळणार न्हाई."

"न्हाईच कळणार," हंबीरराव म्हणाले. "माझ्या नोकरीत असले लय कोपरे सोडले. एकाचंबी कळलं न्हाई."

सोनमनं उरलेला पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि नव्या कामाची फाईल उघडली. या खाणीत थर तीन होते.

"सर, हितं उतरायला कवा मिळंल?"