दाजींचा पासवर्ड

सासरवाडीत मला मान भरपूर आहे, नाव मात्र नाही. हे मला एका राऊटरने सांगितलं.

जालन्यात मस्तगडला माझा छोटा इंटरनेटचा धंदा आहे. भोकरदनची बाजू माझा मेहुणा सिद्धू सांभाळतो. एक राऊटर माझ्याकडे, एक त्याच्याकडे. दोघं दिवसभर एकमेकांना सांगत असतात, 'या घरचा रस्ता इकडून, त्या घरचा तिकडून.' बिचारे भोळे! कुणीही काहीही सांगितलं तरी विश्वास ठेवतात. मध्यंतरी एका ग्राहकाने वायफायचा जुना डबा उलटा जोडला आणि आमच्या राऊटरने त्याचं ऐकून अर्ध्या गल्लीचं इंटरनेट त्याच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. तेव्हा मी ठरवलं, यापुढे दोन्ही राऊटरांना एकच पासवर्ड. तो जुळला तरच बोलायचं.

मुहूर्त मात्र मी नेमका संगीताच्या मुलाखतीच्या दिवशी काढला. संगीता, माझी बायको, भोकरदनच्या शाळेत शिकवते आणि आठवडाभर माहेरीच राहते. जालन्याच्या एका कॉलेजातल्या जागेसाठी त्या दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. जागा मिळाली की ती घरी येणार होती. न मिळाली तर मी आणि माझी करपलेली खिचडी! त्यामुळे लाइन एकदम पक्की असावी, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

सकाळीच सिद्धूला फोन लावला.

"जय भीम दाजी!"

"जय भीम. हे बघ, पासवर्ड फोनवर बोलायचा न्हाई. कुणी ऐकतं. तू फक्त माझं नाव टाक."

"तुमचं नाव? बिलकुल!"

मी माझ्या बाजूला माझं नाव टाकलं. दोन्ही राऊटर गप्प. भोकरदन बंद!

"सिद्धू, बराबर टाकलं ना?"

"बराबर टाकलं दाजी."

"वाचून दाखव." (मग लगेच सुरक्षेची आठवण झाली.) "न्हाई न्हाई, वाचू नको! इंग्रजी अक्षरं किती?"

"चार."

"बरोबर. पहिलं मोठं?"

"मोठं."

"ए आहे?"

"हाय."

"आय?"

"हाय की!"

आता याहून जास्त तपासणी कोण करतो? दोष राऊटरचाच! मी माझा राऊटर बंद करून चालू केला, वायर बदलली, वरून दोन चापट्याही मारल्या. तिकडे सिद्धू ग्राहकांचे फोन घेत होता, "जालन्याहून काम करून राह्यले, दाजी स्वतः बसलेत!" हे ऐकून लोक जास्तच घाबरले म्हणे.

मुलाखत जवळ आली. सासरवाडीच्या घरात मोबाइलला बोलण्यापुरती रेंज, चित्र दिसण्याचं नाव नको. शेवटी संगीताने सिद्धूच्या हातून फोन हिसकावून घेतला.

"अहो, काढून टाका ना तो पासवर्ड!"

"असं कसं? सुरक्षेचा प्रश्न आहे."

"माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!" तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, "टाकायचं काय होतं?"

"माझं नाव."

"सिद्धू, तू काय टाकलंस रे?"

"दाजी."

मी मनात अक्षरं मोजली. चार. पहिलं मोठं. ए होता, आय होता.

"अरे, दाजी हे काय नाव आहे का?" संगीता ओरडली.

"मंग काय नाव हाय त्यांचं?" सिद्धूने अगदी मनापासून विचारलं. "माझ्या फोनमधी तर 'दाजी जालना' हाय!"

"अनिल!" मी गावभर ऐकू जाईल असा ओरडलो. सुरक्षा गेली खड्ड्यात. सिद्धूने चार अक्षरं बदलली, राऊटरांनी एकमेकांना ओळखलं आणि संगीता पदराने डोळे पुसत, हसत हसतच मुलाखतीला बसली. समितीला तिचा प्रसन्न चेहरा फार आवडला म्हणे. आता ती घरी आहे, खिचडीही करपत नाही.

पासवर्ड अधूनमधून बदलावा असं जाणकार सांगतात. मी बदललेला नाही. परवा सिद्धूने भोकरदनला नवा राऊटर बसवला आणि मला फोन केला.

"दाजी, सगळं झालं. फक्त ते... तुमचं नाव काय होतं हो?"

इतका सुरक्षित पासवर्ड अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल!